आउटर टाकून दे

गुरुवारी सकाळी साडेदहाला रुग्णालयातून दुकानाच्या मालकांचा, ताइशोंचा, फोन आला, तेव्हा सुगानोसानच्या सायकलला नवा डिरेलर बसवून मी त्याच्याकडे मान तिरकी करून पाहत होतो. पुढच्या दोन चकत्यांवरून साखळी इकडून तिकडे ढकलणारा तो लहानसा पिंजरा सीटखालच्या नळीला आवळून झाला होता. पण त्याच्या खाली मोठ्या चकतीची जागा रिकामी होती आणि रिकाम्या जागेवरून उंची ठरवता येत नाही. पिंजऱ्याची कड मोठ्या चकतीच्या दातांच्या दोन मिलिमीटर वर असावी लागते. कोणत्या चकतीच्या, हा प्रश्न मला दोन दिवस पडला होता. तो मी कोणालाही विचारला नव्हता.

"हिरोमु, झालं का रे?"

"बसवलाय. उंची राहिलीय."

"मग आउटर चढव आणि घे मापून. आणि ऐक, आउटरवर बोटांचे डाग ठेवू नकोस, मऊ फडक्यानं पूस. तो त्या बाईनं स्वतःच्या हातानं कापलाय. कारखाना बंद पडला त्या आठवड्यात, शेवटचं यंत्र चालू होतं तोवर. पन्नास दात. तसा दुसरा कुठे मिळायचा नाही. चार वाजता येईल ती, आणि आधी तोच बघेल. तुझ्या डिरेलरकडे ढुंकूनसुद्धा बघणार नाही."

मागून एका परिचारिकेचा आवाज आला, "वाकिमोतोसान, पाय खाली सोडायचा नाही म्हणून किती वेळा सांगायचं?"

"बघ. सारी गल्ली मला ताइशो, म्हणजे सेनापती म्हणते आणि इथं शिपायाची किंमत नाही. कळलं ना तुला सगळं?"

मी "हो" म्हणालो. फोन ठेवल्यावर बराच वेळ माझा हात फोनवरच राहिला. कधी कधी सगळे इतके लख्ख कळते, की त्या प्रकाशात माणसाला उभेही राहता येत नाही.

आउटर. आमच्या धंद्यात हा एकच शब्द दोन वस्तूंसाठी वापरतात. पुढच्या दोन चकत्यांपैकी बाहेरची मोठी ती आउटर. आणि गिअरच्या तारेवरचे काळे आवरण, तेही आउटर. आतली लहान चकती इनर आणि आवरणातली तार तीही इनर. सायकलींचे शहर असलेल्या आमच्या साकाईतल्या कोणत्याही दुकानात दिवसातून पन्नास वेळा हे शब्द उच्चारले जातात, आणि कोणाचाही गोंधळ होत नाही, कारण बोलणाऱ्याचे बोट त्या वस्तूवर असते. मंगळवारी ताइशोंचे बोट इथे नव्हते. मोडलेले खुब्याचे हाड जोडून घेऊन ते तिसऱ्या मजल्यावर पडले होते आणि मी फोनमध्ये म्हणालो होतो, "इनर आणि आउटर दोन्ही काढून ठेवलेत."

"इनर ठेव, चांगलाय. आउटर टाकून दे. नव्या डिरेलरला तो लागत नाही."

जुन्या डिरेलरला तळाशी चार बोटे लांबीचे आवरण लागत असे. नव्याला उघडी तारच पुरते. ते एवढेच सांगत होते. माझ्यासमोर मात्र वर्तमानपत्रावर धुऊन ठेवलेल्या दोन चकत्या होत्या. 'लागत नाही' याचा अर्थ मी 'जुळत नाही' असा घेतला. वाटले, सुगानोसानचे गुडघे आता थकले आहेत, त्यांना मोठी चकती जड होत असेल, ताइशो दुसरी कुठली तरी मागवणार असतील. मग ती कुठे आहे, कधी येणार, हे विचारायला हवे होते. पण विचारले नाही. समोरच्याने एकदा सांगितलेले पुन्हा विचारणे मला उघड्या अंगाने रस्त्यावर उभे राहण्यासारखे वाटते. मी "बरं" म्हणालो. ती चकती ॲल्युमिनियमच्या डब्यात टाकली. आज सकाळी साडेआठला भंगारवाल्याची गाडी येऊन तो डबा रिकामा करून गेली होती. सव्वीस वर्षांच्या आयुष्यात मी तीन नोकऱ्या सोडल्या आहेत, त्या तिन्ही अशाच एका न विचारलेल्या प्रश्नापायी.

दुकानाला 'थोड्या वेळात येतो'ची पाटी लावली, दुकानाचा फोन माझ्या मोबाइलवर वळवला आणि निघालो.

भंगाराचे आवार यामातो नदीच्या मुखाकडे आहे. पंधरा मिनिटांचा रस्ता मी नऊ मिनिटांत कापला असेल. नोव्हेंबरचे ऊन पाण्यावर कोणी विसरून गेल्यासारखे पडले होते. काट्याजवळच्या खोपटात मासुयोसान बसल्या होत्या. त्या आवाराच्या मालकीण. गळ्यात दोरीने लटकणारा चष्मा, पायांत रबरी बूट. मी धापा टाकत म्हणालो, "सकाळी आमच्या दुकानातून चुकून... एक आउटर आलाय."

"कोट?" त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. अंगावर चढवायच्या जाड कोटालाही आमच्याकडे आउटरच म्हणतात. "थंडी वाजतेय होय रे? तरी म्हटलं, या दिवसांत नुसत्या सदऱ्यावर हा पोरगा हिंडतोय कसा. कपडे नाही घेत बाबा आम्ही इथं."

"कोट नाही. चकती. सायकलची."

"मग चकती म्हण की! चकत्या काय, रोज दहा येतात. हे साकाई आहे. कशी दिसते?"

मला सांगता येईना. मी ती दोन दिवस हाताळली होती, रॉकेलने धुतली होती, आणि आता डोळे मिटले की दिसत होते ते फक्त एक करड्या रंगाचे वर्तुळ. "मोठी," मी म्हणालो. "पन्नास दातांची. बिनरंगाची."

"जा, शोध. ढीग तो समोर. पण सकाळच्या पहिल्या फेरीचा माल आम्ही धरून ठेवत नाही हां, तो लगेच दाबायला जातो."

ढीग माझ्या दुप्पट उंच होता. खिडक्यांच्या चौकटी, पातेली, किटल्या, एका कोसळलेल्या शिडीच्या पायऱ्या. मी वरून खाली उपसत गेलो. हातमोजे आणायचे राहिले होते; पहिल्या अर्ध्या तासातच पत्र्याच्या कडांनी दोन्ही तळवे फाटले. प्रत्येक गोल वस्तू मी उलटून पाहत होतो. पातेल्याचे झाकण. पंख्याची जाळी. एकदा खरीच चकती हाती लागली, पण ती काळी होती आणि तिचे दात शार्कच्या सुळ्यांसारखे झिजून वाकले होते. कोणीतरी तिच्यावर आयुष्यभर चढ चढला असावा. ती मी क्षणभर छातीशी धरली आणि बाजूला ठेवली.

अडीच वाजता फोन वाजला.

"ताइशोंचं दुकान का? मी सुगानो. कोण, हिरोमु का? काय रे, आवाज कुठून येतोय तुझा, विहिरीतून?"

"बाहेर आहे मी... सुगानोसान, तुम्हाला एक सांगायचंय."

"बोल की. फुंकर मारल्यासारखा काय बोलतोस!"

मी डोळे मिटले. "मी आउटर टाकून दिला."

पलीकडे त्या खळखळून हसल्या. "बरं केलंस! अरे, ते कधीच टाकायला हवं होतं. ताइशोला मी गेल्या वसंतातच म्हटलं होतं, ते आवरण पार तडकलंय, आत पाणी जातं म्हणून. एवढंच ना? एवढ्यासाठी रडवेला झालास?"

पलीकडच्या छपराखाली दाबयंत्राचा भोंगा वाजला. माझ्या तोंडाशी पुढचे वाक्य आले होते, सात-आठ शब्दांचे वाक्य. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "चारला येते. आणि हसत जा रे जरा," आणि फोन बंद झाला. जन्मात पहिल्यांदा मी कोणी न विचारता खरे सांगितले होते, आणि त्या शब्दाने तेही गिळून टाकले होते. सर्वांत लाजिरवाणी गोष्ट ही, की त्या क्षणी मला हलके वाटले. श्वास दोन घेईपर्यंतच, पण वाटले.

मासुयोसान ओनिगिरी, भाताचा गोळा, खात माझ्या मागे येऊन उभ्या होत्या. "काय म्हणालं गिऱ्हाईक?"

"बरं केलंस म्हणाल्या."

"मग जा की घरी."

"त्यांना कळलं नाही."

त्यांनी घास चावत माझ्या तळहातांकडे पाहिले, आणि शेवटचा घास गिळल्यावर म्हणाल्या, "ये इकडे."

दाबयंत्राच्या पुढे आज सकाळचे गठ्ठे रचले होते. टीव्हीच्या खोक्याएवढा एकेक. आत किटल्या आणि चौकटी एकमेकींत अशा रुतल्या होत्या, की वस्तू म्हणून काहीच उरले नव्हते; नुसता धातू, घड्या घातलेला. एकूण नऊ झाले होते, त्या म्हणाल्या, चार बाराच्या ट्रकने बंदरावर वितळवायला गेले, पाच राहिले. मी प्रत्येकाभोवती गुडघ्यांवर फिरलो. तिसऱ्या गठ्ठ्याच्या डाव्या अंगाला, एका किटलीच्या पोटाखालून, दात बाहेर आले होते. अकरा. करडे, बिनरंगी, एका कमानीत.

माझ्या तोंडून निघालेला आवाज मलाच ओळखू आला नाही. बोटे त्या फटीत घालून मी ओढले. गठ्ठा तसूभरही हलला नाही.

"अरे, अरे! बोटं जातील!" मासुयोसाननी माझी कॉलर धरून मला मागे खेचले. "पहारीनं फोडून देते मी हवं तर. पण खरं सांगू का? आतून जे निघेल त्याला चकती म्हणता यायचं नाही. पापड निघेल, दुमडलेला."

"संध्याकाळपर्यंत ठेवाल का हा?"

"साडेपाचला मी कुलूप लावते. तोवर ठेवते."

दुकानात परतलो तेव्हा चारला दहा मिनिटे कमी होती आणि सुगानोसान पाटीखाली उभ्या होत्या. सत्तरीची, ठेंगणी, ताठ बाई. सायकलस्वारांची जुनी टोपी उलटी घातलेली. एकतीस वर्षे त्यांनी गिअर कापण्याच्या यंत्रावर काढली होती. मी दार उघडले. त्या सरळ सायकलीपाशी गेल्या, खाली वाकल्या, आणि वाकलेल्याच राहिल्या. क्रँकवर लहान चकती एकटीच होती. तिच्यापासून बऱ्याच उंचीवर नवा डिरेलर चकाकत होता, काहीच नसलेल्या जागेची राखण करत.

"आउटर कुठाय?" त्यांनी विचारले. बोट त्या जागेवर होते.

मी तो शब्द वापरला नाही. "तुम्ही स्वतः कापलेली पन्नास दातांची मोठी चकती," मी म्हणालो, "मी भंगारात दिली. ताइशो आवरणाबद्दल बोलत होते. मी चकती समजलो. दुपारी फोनवर मी तेच सांगत होतो, पण तुम्ही आवरण समजलात, आणि मी तुम्हाला तसं समजू दिलं. ती आता दाबलेल्या गठ्ठ्यात आहे. अकरा दात दिसतात."

त्या स्टुलावर बसल्या. ओरडल्या असत्या तर बरे झाले असते. टोपी काढून त्यांनी गुडघ्यावर ठेवली आणि तिच्या शिवणीवरून अंगठा फिरवत राहिल्या.

"पुन्हा का नाही विचारलंस?"

"लाज वाटते."

"लाज." त्यांनी तो शब्द एखादा चुकीचा सुटा भाग परत करावा तसा उच्चारला. "आमच्या कारखान्यात कानांत बोळे घालून काम चालायचं. एक शब्द ऐकू यायचा नाही. माप सांगितलं की तीनदा विचारायचं, तीनदा सांगायचं. नवीन पोरं लाजायची. त्यातल्या एकाचं बोट त्या यंत्रात गेलं." मग त्या उठल्या. "चल. दाखव मला."

दुकानातल्या दोन सायकली घेऊन आम्ही निघालो. ऊन उतरत होते, नदीवर वारा सुटला होता, आणि मी त्यांच्या मागे मागे पेडल मारत मनात एकच प्रार्थना पुटपुटत होतो, की तो तुकडा, निदान तो दुमडलेला तुकडा तरी त्यांना मिळावा. घरात कुठेतरी ठेवतील. पाहतील आणि माझा तिरस्कार करतील. काहीतरी असेल हातात.

मासुयोसाननी बॅटरी आणून गठ्ठ्यावर धरली. सुगानोसान उकिडव्या बसल्या. चष्मा नाकावर खाली ओढला. उजव्या हाताचा अंगठा त्यांनी पहिल्या दातावर ठेवला, दुसऱ्यावर, तिसऱ्यावर, असा अकराव्यापर्यंत अगदी सावकाश नेला.

"ही माझी नाही."

"नीट बघा, ताई," मासुयोसान म्हणाल्या. "बिनरंगी तर आहे."

"माझ्या प्रत्येक दाताची धार मी कानशीनं मारली होती. दोन संध्याकाळी गेल्या. ही यंत्रातून निघाली तशीच आहे. हात लावा ना, कशी टोचते." त्या माझ्याकडे वळल्या. "तुला टोचली नाही?"

माझे तळवे इतके फाटले होते, की आता मला काहीही टोचत नव्हते. मंगळवारी, ती चकती धुताना, माझे हात धड होते. तेव्हा कळायला हवे होते. ते दात बोटांना मऊ लागत होते का? मी आठवण्याचा प्रयत्न केला, आणि जे आठवले ते खरे की मला हवे तसे, हे सांगता येईना.

आम्ही उरलेले चारही गठ्ठे पाहिले. मग ढीग. मासुयोसाननी दोन जोड हातमोजे आणून दिले. सुगानोसान एका बाजूने, मी दुसऱ्या बाजूने. चौकटी उचलायच्या, खाली पाहायचे, बाजूला टाकायच्या. पाच वाजता उजेड संपला. मासुयोसाननी छपरावरचा दिवा लावला. सव्वापाचला त्यांनी घड्याळाकडे पाहिले आणि काहीच म्हणाल्या नाहीत. साडेपाचलाही नाही. पावणेसहाला सुगानोसाननीच हातातले पातेले खाली ठेवले.

"बाराचा ट्रक कुठे जातो म्हणालात?"

"बंदरावर. भट्टीत. तिथं आज गेलेलं आजच वितळतं, ताई."

"हं." त्यांनी हातमोजे काढले, एकावर एक ठेवले, आणि मासुयोसानना वाकून नमस्कार केला. "तुमचा खोळंबा केला आम्ही."

परतताना मला वाटले, आता त्या सायकल घेतील आणि जातील, आणि पुन्हा कधी या गल्लीत येणार नाहीत. पण दुकानात शिरताच त्यांनी बाही सरसावली. "ताइशोच्या खणांत जुन्या चकत्या असतात. याच पाच भोकांची बघ कुठली बसते."

तीन खण उलथल्यावर एक सापडली. चव्वेचाळीस दातांची. कोणाची, कुठून आलेली, देव जाणे. त्यांनी ती उजेडात धरली, एक दात नखाने तपासला आणि माझ्याकडे दिली. चेहऱ्यावर काही नव्हते. "बसव. गुडघ्यांना हीच बरी."

मी पाचही बोल्ट आळीपाळीने आवळले. डिरेलर मी जुन्याच्याच खुणेवर आवळला होता; सहा दात कमी झाले, म्हणजे तो बारा मिलिमीटर खाली घ्यायचा. कड्याचा स्क्रू सैल करून मी तो नळीवरून खाली सरकवला. पिंजऱ्याची बाहेरची कड चकतीला समांतर आहे ना, हे वरून पाहिले, आवळला, तार ओढून घेतली. मागचे चाक वर उचलून क्रँक फिरवला. साखळी मोठ्या चकतीवर चढली, उतरली, पुन्हा चढली. लहानवर येताच मात्र बारीक खरखर ऐकू येऊ लागली. मला वाटले, ती माझ्याच छातीत असावी.

सुगानोसान डोळे मिटून ऐकत होत्या. यंत्रांच्या गोंगाटात एकतीस वर्षे काढूनही त्यांचे कान शाबूत कसे राहिले, कोण जाणे.

"आतला स्क्रू," त्या म्हणाल्या. "पाव फेरा. बाहेर."

स्क्रूड्रायव्हर स्क्रूच्या खाचेत ठेवला आणि माझा हात थांबला. हा स्क्रू बाहेर काढला की पिंजरा आत जातो. पिंजरा बाहेर हवा असेल तर स्क्रू आत पिळावा लागतो. त्यांना काय म्हणायचे आहे, याचा मला बराच अंदाज होता. बाहेर रस्त्यावरून ट्राम गेली आणि काचा थरथरल्या. ती जाईपर्यंत मी थांबलो, कारण मला माझा आवाज त्यांना नीट ऐकू जायला हवा होता.

"सुगानोसान," मी विचारले, "बाहेर म्हणजे स्क्रू बाहेर, की पिंजरा बाहेर?"

त्यांनी डोळे उघडले. दिवसभरात पहिल्यांदाच त्या माझ्याकडे इतका वेळ पाहत राहिल्या, आणि त्या नजरेत क्षमा नव्हती.

"स्क्रू बाहेर," त्या म्हणाल्या. "पिंजरा आत."

"स्क्रू बाहेर, पिंजरा आत. पाव फेरा."

"पाव फेरा."

मी फिरवला. क्रँक पुन्हा हाताने चालवला. खरखर थांबली. त्या उठल्या, टोपी घातली, सायकल दारातून बाहेर काढली आणि चढावाच्या रस्त्याला लागल्या. लहान चकतीवर पाय भरभर फिरत होते आणि सायकल फार हळू पुढे जात होती. कोपऱ्यावर त्या दिसेनाशा होईपर्यंत मी पाहत राहिलो. मग आत आलो, आणि रुग्णालयाचा नंबर फिरवला.